मार्फन सिंड्रोमचं निदान झालंय? पहिल्या वर्षात करायच्या गोष्टी

मार्फन सिंड्रोम म्हणजे शरीराला आधार देणारी जाळी ढिली पडण्याचा जनुकीय आजार. त्याचा संशय सगळ्यात आधी कोणाला येईल याचा नेम नसतो. कधी चष्म्याचा नंबर काढणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यातलं भिंग जागेवरून हललेलं दिसतं. कधी मुलीच्या पाठीला बाक आला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलेलं असतं, तर कधी शाळेतल्या आरोग्य तपासणीत कुणी तिची बोटं निरखून पाहतं. चिठ्ठीवर ‘मार्फन? इको करावा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि घरी आल्यावर आईवडील रात्रभर मोबाइलवर शोधत बसतात. हा लेख त्या घरांसाठी आहे. काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे अजिबात वेळ घालवायचा नाही, हे इथे सांगितलं आहे. तुमच्या डॉक्टरांची जागा तो घेणार नाही, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे नक्की कळेल.

एक गोष्ट पहिल्यापासून मनात ठेवा. उंची, लांब बोटं, वाकलेली पाठ हे सगळ्यांना दिसतं आणि घरात चर्चाही त्याचीच होते. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, हळूहळू रुंद होत जाते तेव्हा मात्र दुखत नाही, धाप लागत नाही, काहीच जाणवत नाही. ती मोजली तरच कळते. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात, आणि तुमच्या सगळ्या धावपळीचं केंद्र तीच असायला हवी.

शरीरात नेमकं काय होतं

फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फन यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीची नोंद केली. तिचे हातपाय आणि बोटं विलक्षण लांब आणि सडपातळ होती. आजाराला नाव त्यांचं मिळालं, पण कारण सापडायला १९९१ साल उजाडलं. पंधराव्या गुणसूत्रावर एफबीएन१ नावाचं जनुक असतं. ते फायब्रिलिन-१ हे प्रथिन बनवतं. हाडांची आवरणं, सांध्यांचे बंध, डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे बारीक तंतू आणि महाधमनीची भिंत, या सगळ्यांना ताण सोसून पुन्हा मूळ मापावर यायचं बळ ज्या जाळीमुळे मिळतं, त्या जाळीत हे प्रथिन लागतं. जनुकात दोष असला की पायजम्याचं इलॅस्टिक सैल व्हावं तशी ही जाळी ढिली पडते. शिवाय वाढीचा इशारा देणारं टीजीएफ-बीटा नावाचं रसायन एरवी हीच जाळी आवरून धरते. तो आवर सुटल्यानेही नुकसान होतं.

साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. स्त्री-पुरुष असा भेद नाही, जातीधर्माचा नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. पण चौघांतल्या एका रुग्णाच्या घरात आधी कुणालाच नसतो. त्याच्यात तो दोष नव्यानेच आलेला असतो. म्हणून ‘आमच्या सात पिढ्यांत असं काही नाही’ हे उत्तर देऊन तपासणी टाळू नका. आणि आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात बाहेर गेली का, याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. हे सासरच्यांना ठणकावून सांगायची वेळ आली तर सांगा.

घरी काय पाहता येईल

निदान घरी होत नाही, पण डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहता येतात.

अंगठा तळहातावर आडवा ठेवून वर मूठ मिटायला सांगा. करंगळीच्या बाजूने अंगठ्याचं वरचं पेर पूर्ण बाहेर आलं, तर ती एक खूण. मग एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसऱ्या हाताच्या मनगटाला वेढा घालायला सांगा. अंगठ्याच्या टोकाने करंगळीचं नख पूर्ण झाकलं, तर ती दुसरी. या दोन्ही खुणा एकत्र असतील तर त्यांना जास्त वजन असतं, एकटीला कमी.

तिसरी गोष्ट मोजायची. भिंतीला पाठ टेकवून उभं करा, हात आडवे ताणा, एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेपने मोजा. मग उंची मोजा. हातांच्या मापाला उंचीने भागून १.०५ पेक्षा जास्त आलं तर लिहून ठेवा. पाठीला जास्त बाक असेल तर उंची कमी भरते आणि हे गणित फसतं, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका.

याशिवाय छातीचं हाड पुढे आलेलं किंवा आत गेलेलं, पाय सपाट, टाच आतल्या बाजूला कललेली, कोपर पूर्ण सरळ न होणं, उंच आणि अरुंद टाळू, दातांची गर्दी, वजन फारसं कमी-जास्त झालेलं नसताना पाठीवर किंवा खांद्यांवर ताणाचे पांढरट पट्टे, या गोष्टी डॉक्टर पाहतील. एकटं कुठलंही लक्षण म्हणजे मार्फन नव्हे. उंच, शिडशिडीत, लवचिक सांध्यांची कितीतरी माणसं अगदी ठणठणीत असतात.

उलटही होतं. आपल्याकडे बारीक मुलगा दिसला की ‘याच्या अंगाला काही लागतच नाही’ म्हणून तूप, खारीक, टॉनिक सुरू होतं, क्षयाच्या तपासण्या होतात. मार्फनमधला सडपातळपणा कुपोषणाचा नसतो आणि खाऊ घालून तो जातही नाही. पोटभर, नेहमीचं जेवण पुरे. मुलाला ताटावर बसवून रडवू नका.

पहिल्या महिन्यात कुणाकडे जायचं

आधी हृदयरोगतज्ज्ञ. मूल असेल तर शक्यतो बालहृदयरोगतज्ज्ञ. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हीच पहिली तपासणी. सुई नाही, किरणं नाहीत, दुखत नाही. चिठ्ठीवर ‘महाधमनीच्या मुळाचं माप’ मागितलंय ना, हे पाहून घ्या. गल्लीतल्या केंद्रावर केलेल्या इकोच्या अहवालात बऱ्याचदा हृदयाची ताकद किती टक्के एवढंच ठळक असतं आणि महाधमनीपुढे नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. आपल्याला मिलिमीटरमधला आकडा हवा, आणि तोही महाधमनी हृदयातून निघते त्या फुगीर भागाचा. लहान मुलांत नुसता आकडा पुरत नाही. उंची-वजनाच्या हिशेबात तो किती जास्त आहे हे सांगणारा झेड-स्कोअर लागतो. तो २ किंवा त्याहून जास्त असेल तर महाधमनी अपेक्षेपेक्षा रुंद आहे.

मग डोळ्यांचे डॉक्टर. नुसता नंबर काढून चालत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्प या डोळ्यांच्या दुर्बिणीखाली भिंग पाहावं लागतं. मार्फनच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत भिंग जागेवरून सरकलेलं असतं, बहुतेकदा वरच्या आणि बाहेरच्या बाजूला.

तिसरे जनुकीय सल्लागार किंवा वैद्यकीय आनुवंशिकीचे तज्ज्ञ. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ते भेटतात. जिल्ह्याच्या गावी नसतील तर हृदयरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन एकदा जाऊन या. निदानासाठी २०१० साली सुधारलेले घेंट निकष वापरले जातात. त्यात महाधमनीची रुंदी आणि सरकलेलं भिंग यांना सर्वांत जास्त महत्त्व आहे. ही दोन्ही असतील तर सहसा जनुकचाचणीशिवायही मार्फन म्हणता येतं. बाकीच्या शारीरिक खुणांना गुण देऊन बेरीज करतात, कमाल २०, आणि ७ किंवा जास्त आले तर ते जमेस धरतात. घरातल्या कुणाचं निदान आधीच पक्कं असेल तर निकष सोपे होतात.

मग जनुकचाचणी कशाला? कारण मार्फनसारखे दिसणारे आजार आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. लोइस-डिट्झ सिंड्रोममध्ये महाधमनी कमी रुंदीलाच फाटू शकते, म्हणून ऑपरेशन लवकर करावं लागतं. पडजीभ दुभंगलेली, दोन डोळ्यांत अंतर जास्त, अशा खुणा त्यात दिसतात. होमोसिस्टिन्युरियातही मूल उंच, शिडशिडीत असतं आणि भिंग सरकलेलं असतं, पण सहसा खालच्या बाजूला. त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि आहार व जीवनसत्त्व बी-६ यांनी अनेकांना फायदा होतो. तो आई-वडील दोघांकडून दोष आला तरच होतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत त्याचा विचार आवर्जून करायला हवा. रक्तातलं होमोसिस्टीन तपासलं की बहुतेक उलगडा होतो. भिंग सरकलेल्या प्रत्येक मुलात ही तपासणी व्हावी असं माझं ठाम मत आहे. ती साधी आहे आणि चुकली तर फार महागात पडते.

जनुकचाचणीच्या अहवालात कधी ‘अर्थ अनिश्चित’ अशा स्वरूपाचा शेरा येतो. त्याचा अर्थ मार्फन आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. आईवडिलांचे नमुने तपासून तो सुटू शकतो. तोपर्यंत इको थांबवायचा नाही.

आकड्यांची वही

निदान झाल्यावर इको पुन्हा साधारण सहा महिन्यांनी होतो. महाधमनी किती वेगाने वाढते हे त्यातून कळतं. ती स्थिर असेल तर पुढे वर्षातून एकदा. आकडा ४.५ सेंटिमीटरच्या पुढे गेला किंवा झपाट्याने वाढला तर जास्त वेळा. इकोत महाधमनीचा सगळा मार्ग दिसत नाही, म्हणून एकदा सीटी किंवा एमआरआय करून छातीतून पोटापर्यंतची पूर्ण रक्तवाहिनी पाहून घेतात आणि ठरावीक वर्षांनी ती पुन्हा पाहतात.

एक साधी वही करा. तारीख, कुठे केला, महाधमनीच्या मुळाचा आकडा, झेड-स्कोअर, मायट्रल झडपेबद्दल (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) काय लिहिलंय, वजन, उंची, रक्तदाब. वेगवेगळ्या केंद्रांवर वेगवेगळ्या माणसांनी मोजल्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज येतो आणि घरात उगाच हाहाकार होतो. शक्य असेल तर दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडून करा, आणि जुनी सीडी नव्या इकोच्या वेळी सोबत न्या. आकडा वाढल्यासारखा वाटला तर ‘जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून मोजाल का?’ असं विचारायला संकोच करू नका.

गोळ्या

रुंदी अजून बेताची असतानाच गोळ्या सुरू होतात, आणि इथेच बहुतेक घरं अडखळतात. मुलाला काहीच त्रास नाही, मग रोज गोळी कशाला? कारण प्रत्येक ठोक्याला रक्त महाधमनीच्या भिंतीवर आदळतं, आणि तो आघात सौम्य करणं हेच या गोळीचं काम.

दोन गट वापरात आहेत. एक बीटा ब्लॉकर, जसं प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. त्यांनी ठोके आणि दाब दोन्ही उतरतात. दुसरा लोसार्टन, इर्बेसार्टन यांसारख्या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांचा. २०१४ साली ६०८ मुलं आणि तरुण रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत अॅटेनोलॉल आणि लोसार्टन यांत फरक आढळला नाही, दोन्हींवर महाधमनीची वाढ सारखीच राहिली. पुढे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर लोसार्टनच्या गटाने वाढीचा वेग साधारण निम्म्यावर येतो असं दिसलं, आणि बीटा ब्लॉकर आधीच चालू असला तरी त्याचा फायदा वरून मिळतो. म्हणून काही डॉक्टर दोन्ही देतात.

बीटा ब्लॉकरने सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात, काही मुलं अभ्यासात मरगळतात. हे डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. दमा असेल तर आधीच सांगा. आणि गोळी एकदम बंद करू नका. गावच्या जत्रेला गेलो आणि पट्टी विसरलो, असं होऊ देऊ नका. लोसार्टन चालू असताना मधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. मुलगी वयात आली की तिला हे स्वतः सांगा की लोसार्टन गरोदरपणात चालत नाही.

खेळ आणि अंगमेहनत

उंच मुलगा दिसला की शिक्षक त्याला व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉलच्या संघात घेतात. घरालाही कौतुक असतं. तरीही नाही म्हणावं लागतं. स्पर्धेचे, धडक बसणारे, अचानक जोर लावायला लागणारे खेळ वर्ज्य: कबड्डी, खोखोची स्पर्धा, कुस्ती, बास्केटबॉल. श्वास कोंडून वजन उचललं की रक्तदाब क्षणात चढतो, म्हणून जिममधली वजनं, जोर-बैठका, दोरीचा मल्लखांबही नको. दहीहंडीच्या थरात कोणत्याही मजल्यावर उभं राहायचं नाही. ढोलपथकात कंबरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणंही टाळा. ताशाला किंवा झांजेला जागा मिळते का पाहा, तेही डॉक्टरांना विचारून. जोरकस कपालभाती आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार नकोत, साधा संथ श्वसनाचा सराव चालतो.

पण याचा अर्थ मुलाला खुर्चीत बसवून ठेवायचं असा नाही. चालणं, सपाटीवर आरामात सायकल, दमायला न होईल इतपत पोहणं हे करायलाच हवं. कसोटी सोपी आहे: ते करत असताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. शाळेला डॉक्टरांचं लेखी पत्र द्या, त्यात काय नको आणि काय चालेल हे दोन्ही लिहून घ्या. नुसतं ‘पीटी नको’ लिहिलं की मूल वर्गात एकटं बसतं. ‘बांबू’, ‘ताडमाड’ असल्या हाका त्याला आधीच पुरेशा ऐकाव्या लागतात.

ही औषधं पोटात जाऊ नयेत याची काळजी

हे फार कमी घरांना सांगितलं जातं. जुलाब, लघवीची जळजळ, ताप यांवर आपल्याकडे ज्या प्रतिजैविक गोळ्या सर्रास मिळतात त्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही नावं हमखास असतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की या गटाने महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो, आणि मार्फनच्या रुग्णांना दुसरा पर्यायच नसेल तरच ती द्यावीत. नाव ‘फ्लॉक्सॅसिन’ने संपतं का एवढं पाहायला घरातल्या सगळ्यांना शिकवा. दुकानातून ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हणून काही आणू नका. पट्टीवर दोन औषधांचं मिश्रण असेल तर दोन्ही नावं वाचा. हा इशारा गोळ्या आणि इंजेक्शनांबाबत आहे.

नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिन, फिनाइलेफ्रिन यांनीही दाब वाढतो. साधी सर्दी असेल तर वाफ घ्या.

छातीत अचानक दुखलं तर

हा भाग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वाचावा.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त थरांच्या मधे शिरतं आणि भिंत लांबवर सोलत जातं. याला डायसेक्शन म्हणतात. हृदयाजवळ झालं तर पहिल्या दोन दिवसांत उपचारांविना दर तासाला मृत्यूची शक्यता एक ते दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे ‘सकाळी पाहू’ हा पर्याय नसतो.

वेदना बहुतेकदा क्षणात सुरू होते आणि पहिल्याच क्षणी सगळ्यात तीव्र असते. छातीत किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मधे, काहीतरी फाटल्यासारखी. ती सरकू शकते, पाठीतून पोटाकडे, पायाकडे. चक्कर, बेशुद्धी, एका बाजूची ताकद जाणं, एका हाताची नाडी मंद लागणं हेही होतं. ईसीजी पूर्ण नॉर्मल असू शकतो, आणि इथेच घात होतो. तरुण माणूस, नॉर्मल ईसीजी, मग गॅस झाला असेल म्हणून पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतात. अमेरिकन नाट्यसंगीतकार जोनाथन लार्सन छातीत दुखतंय म्हणून दोन रुग्णालयांत जाऊन आले होते, दोन्हींकडून त्यांना घरी पाठवलं गेलं. जानेवारी १९९६ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते महाधमनी फाटून गेले. त्यांना निदान न झालेला मार्फन असावा असं मत नंतर व्यक्त झालं.

दुसरी चूक उलट दिशेची. हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणारं किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जातं, आणि फाटलेल्या भिंतीत ते घातक ठरतं. म्हणून घरून अॅस्पिरिन देऊ नका, जिभेखाली कुणाची तरी गोळी ठेवू नका. १०८ ला फोन करा. सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन) आणि हृदयशस्त्रक्रिया दोन्ही एकाच ठिकाणी होतात असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून ठेवा. वेदना सुरू झाल्यावर शोधायला वेळ मिळत नाही. अपघात विभागात पहिलं वाक्य हे म्हणा: ‘याला मार्फन सिंड्रोम आहे, महाधमनीचं डायसेक्शन नाही ना हे सीटी अँजिओ करून पाहा.’ डॉक्टरांना शिकवल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर नाव, रक्तगट, मार्फनचं निदान, महाधमनीचा शेवटचा आकडा आणि तारीख, चालू गोळ्या, हृदयरोगतज्ज्ञांचा नंबर, आणि ठळक अक्षरांत ‘छातीत किंवा पाठीत अचानक दुखल्यास सीटी अँजिओग्राफी’. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

अशा दुखण्याचं दुसरं कारण म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठणं. एका बाजूला टोचल्यासारखं दुखतं आणि धाप लागते. ते एक्सरेत दिसतं. पण कोणतं आहे हे घरी ठरवायचं नाही, दोन्हींत लगेच निघायचं.

ऑपरेशन

महाधमनी फाटण्याआधी, ठरवून केलेलं ऑपरेशन आणि फाटल्यावर मध्यरात्री केलेलं ऑपरेशन यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठ्या माणसांत मुळाशी रुंदी ५ सेंटिमीटर झाली की ऑपरेशन सांगतात. घरात कुणाची महाधमनी फाटलेली असेल, रुंदी वर्षाला ३ मिलिमीटर किंवा जास्त वेगाने वाढत असेल, किंवा बाळंतपणाचा विचार असेल, तर ४.५ लाच. त्रास काहीच नसताना छाती उघडायची, हे मन मान्य करत नाही. मी एवढंच सांगेन की १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्फनच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं. आज नीट पाठपुरावा असलेले रुग्ण सत्तरीपर्यंत जगतात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा या वेळेवर केलेल्या ऑपरेशनचा आहे.

दोन मुख्य प्रकार आहेत. लंडनमध्ये ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ साली मांडलेल्या बेंटॉल शस्त्रक्रियेत रुंद झालेला भाग आणि झडप दोन्ही काढून कृत्रिम नळी आणि झडप बसवतात. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी (वॉरफरिन) जन्मभर लागते. दुसऱ्या प्रकारात, जो टोरंटोच्या टायरोन डेव्हिड यांच्या नावाने ओळखतात, रुग्णाची स्वतःची झडप राखून फक्त नळी बदलतात. ती गोळी मग सहसा लागत नाही. तरुण मुलींसाठी हा मोठा फायदा आहे, कारण वॉरफरिनने गर्भाला अपाय होऊ शकतो. झडप चांगली असेल तर शल्यविशारदांना सरळ विचारा: झडप राखण्याची ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का?

खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजात बसतं आणि नळी-झडपेची किंमत त्यात धरली आहे का, हे तारीख घेण्याआधी विचारून घ्या. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येतं. त्यांच्यामार्फत पुढे पाठवणी होऊ शकते.

धातूची झडप बसली असेल तर रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआर ही तपासणी ठरलेल्या तारखेला करायचीच, सहसा तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पालक-मेथी बंद करायची गरज नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात अचानक पालेभाज्यांवर राहू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी दुखण्याची औषधं आणि काढे विचारल्याशिवाय घेऊ नका. दात काढण्याआधी झडपेबद्दल दंतवैद्यांना सांगा, आधी प्रतिजैविक लागतं.

ऑपरेशन झालं की आजार संपला असं समजून लोक येणं सोडतात. बदललेला तुकडा फक्त मुळाचा असतो. पुढची सगळी महाधमनी तीच, जुनी. गोळ्या आणि तपासण्या चालूच राहतात.

डोळे, पाठ, पाय

डोळ्यांची तपासणी दरवर्षी. सरकलेलं भिंग चष्म्याने भागत असेल तर लगेच काढत नाहीत. लहान मुलांत मात्र धूसर दिसणारा डोळा वापराविना आळशी होतो, म्हणून चष्मा आणि पट्टीचा उपचार वेळेवर व्हायला हवा. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं, काळे ठिपके अचानक वाढणं, पडदा ओढल्यासारखं वाटणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटलेला असू शकतो. चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन या डोळ्यांसाठी नाही.

पाठीचा बाक वाढीच्या वयात झपाट्याने वाढतो, तेव्हा दर सहा महिन्यांनी पाहून घ्या. बेताचा असेल तर पट्टा, ४०-५० अंशांच्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विचार. मणक्यातलं मज्जारज्जूचं आवरण सैल झाल्याने कंबर दुखणं, उभं राहिल्यावर डोकं दुखणं असंही होतं. कोणत्याही ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना हे सांगा, कारण पाठीतून दिलेली भूल अर्धवट चढू शकते. सपाट पायांना चांगला आधार देणारी चप्पल पुष्कळदा पुरते.

लग्न आणि मूल

लग्न जुळवताना हा आजार लपवू नका. मुलीच्या बाबतीत तर लपवणं जिवावर बेतू शकतं, कारण गरोदरपणाचा शेवटचा टप्पा आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे महाधमनीसाठी सर्वांत नाजूक असतात, आणि सासरी कुणालाच माहीत नसेल तर तिने छातीत दुखतंय म्हटल्यावर कोण धावणार?

दिवस राहण्याआधी इको करा. रुंदी ४ सेंटिमीटरच्या आत असेल तर धोका कमी असतो, शून्य नसतो. ४.५ च्या पुढे असेल तर आधी ऑपरेशन, मग मूल. मधल्या पट्ट्यात हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसून ठरवायचं. लोसार्टन आधीच थांबवायचं, बीटा ब्लॉकर चालू ठेवायचा. गरोदरपणात इको वारंवार होतो. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत इथे आंधळेपणाने पाळू नका. माहेर तालुक्याच्या गावी असेल आणि हृदयशस्त्रक्रिया होणारं रुग्णालय चार तासांवर, तर आईनेच लेकीकडे येऊन राहावं.

कुटुंबातला जनुकीय दोष नेमका माहीत असेल तर गर्भाची तपासणी करता येते, किंवा टेस्ट ट्यूब पद्धतीत दोष नसलेला भ्रूण निवडता येतो. नोंदणीकृत जनुकीय केंद्रांत ही चाचणी कायदेशीर आहे, लिंग सांगणं मात्र गुन्हा आहे. त्यापुढचा निर्णय जोडप्याचा. सल्लागारांनी माहिती द्यावी, दबाव आणू नये, आणि नातेवाइकांनीही.

भावंडं

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकलेल्या संघात होती. जानेवारी १९८६ मध्ये जपानमधल्या एका सामन्यात बदली होऊन ती बाकावर बसली आणि कोसळली. वय ३१. आधी हृदयविकाराचा झटका समजला गेला. शवविच्छेदनात मार्फन आणि फाटलेली महाधमनी सापडली. त्यामुळे तिच्या भावाला तपासलं, त्यालाही मार्फन निघाला आणि त्याचं ऑपरेशन वेळेवर झालं.

म्हणून घरात एकाचं निदान झालं की आई, वडील, सख्खी भावंडं आणि मुलं या सगळ्यांचा इको आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, ती ठेंगणी असली तरी. एकाच घरात एकाला ठळक लक्षणं आणि दुसऱ्याला अगदी पुसट, असं सर्रास दिसतं. घरातला जनुकीय दोष सापडलेला असेल तर बाकीच्यांची तेवढ्याच एका दोषाची चाचणी होते. ती नकारात्मक आली की त्या माणसाला पुढे इकोची गरज नाही आणि त्याच्या मुलांनाही नाही. दोष माहीत नसेल तर लहान भावंडांचा पहिला इको नॉर्मल आला तरी वाढ पूर्ण होईपर्यंत तो ठरावीक अंतराने पुन्हा करावा लागतो. दूर राहणाऱ्या भावाला हे फोनवर सांगून सोडू नका. अहवालाची प्रत पाठवा आणि इकोची तारीख घेतली का ते आठवड्याभरात विचारा.